वर्गात चांदण्यांचा तक्ता लावला, आता मागची पोरं हातच वर करेनात

गणिताची_बाई:
नमस्कार मंडळी. जि.प. शाळेत सहावीला गणित शिकवते, ३१ पोरं. अपूर्णांक काढले की निम्मा वर्ग खिडकीबाहेर, म्हणून यंदा भिंतीवर कार्डशीटचा तक्ता लावला, सगळ्यांची नावं, बरोबर उत्तराला एक चांदणी, दहा झाल्या की हवालदार, वीसला सुभेदार. पहिले पंधरा दिवस विचारू नका, मधल्या सुट्टीत डबा सोडून "बाई गणित द्या" म्हणून मागे यायची. आता वरच्या चार-पाच जणांची आपसात भांडणं आणि बाकीचे एकदम गार. एक मुलगा दोन चांदण्यांवर अडकलाय, काल त्याच्या वहीत १/२ + १/४ = ३/४ बरोबर लिहिलेलं मी स्वतः बघितलं पण पठ्ठ्या उठलाच नाही. विचारलं तर म्हणे, "आता काय उपयोग बाई, ती चोवीसवर गेलीय." बंद करू का हे सगळं?

खडूवाला:
तक्ता काढाच. एकदा मागे पडलेल्याला भरून काढायची सोयच नाही त्यात. काहूट म्हणून मोबाईलवरचा प्रश्नोत्तरांचा खेळ आहे, त्याचंही तेच, जो लवकर बटण दाबेल त्याला जास्त गुण, हळू पण नीट विचार करणारं पोर तिथे मार खातं. मी प्लिकर्सची कार्डं वापरतो, प्रत्येकाचं कार्ड वेगळं, ए बी सी डी पैकी जे उत्तर ते अक्षर वर करून धरायचं आणि आपण आपल्या मोबाईलवरून स्कॅन करायचं. पोरांकडे काही लागत नाही, आणि शेजारच्याला कळतही नाही आपण काय धरलंय, त्यामुळे लाजरी पोरंसुद्धा उत्तर देतात.

दोघांची_आई:
मी शिक्षिका नाही, पालक म्हणून बोलते. आमच्या धाकट्याला वाचनाला स्टिकर मिळायचे, स्टिकर बंद झाले तसं वाचनही बंद. १९७३ चा एक प्रयोग आहे, लेपर, ग्रीन आणि निस्बेट या तिघांचा, ज्या बालवाडीतल्या पोरांना मुळात चित्रं काढायला आवडायचं त्यांच्यातल्या काहींना आधीच सांगितलं की काढलंत तर सर्टिफिकेट देऊ. नंतर मोकळ्या वेळात तीच पोरं इतरांच्या निम्माच वेळ चित्रं काढायला लागली. न सांगता अचानक ज्यांना दिलं त्यांच्यात मात्र असं झालं नाही!! म्हणजे बक्षिसापेक्षा आधी दाखवलेलं आमिष नडतं असं मला वाटतं.

चढाई_मास्तर:
ताई, खेळ बंद करू नका, खेळ बदला. तुमच्या तक्त्यात मागे पडलेला कायमचा मागे. कबड्डीत बघा, बाद झालेला बाहेर बसतो पण आपल्या गड्याने समोरचा एक मारला की जो आधी बाद झाला तो आधी जिवंत होऊन आत येतो. मी वर्गात हेच करतो. सात-सातचे दोन संघ, चढाईला एक जण फळ्याशी येतो, समोरचा संघ गणित घालतो, ३० सेकंद, खऱ्या चढाईइतकेच. सुटलं तर समोरचा एक बाद आणि आपला एक जिवंत, चुकलं तर स्वतः बाद. अख्खा संघ बसला की लोण, २ गुण जास्त. यात मजा अशी की बाहेर बसलेली पोरं पुढच्या चढाईवाल्याला कानात शिकवत बसतात, "छेद सारखा कर रे आधी", कारण त्याचं गणित सुटल्याशिवाय ह्यांना आत यायला मिळत नाही. आणि गणित घालणाऱ्याला स्वतःला उत्तर यावंच लागतं नाहीतर त्यांचा एक बाद, हा नियम पहिल्याच दिवशी करा, नाहीतर ९७/१०३ असले छेद घालतात कार्टी. आवाज होतो, शेजारच्या वर्गाला आधी सांगून ठेवा.

गणिताची_बाई:
सर, हे भारी आहे. तक्ता आज उतरवला, सुभेदार बाई रुसल्यात. पण चौदा खेळले तर उरलेल्या १७ जणांचं काय? ती गोंधळ घालतील.

चढाई_मास्तर:
चार संघ करा. दोन खेळतात तेव्हा तिसरा पंच, प्रत्येक गणित वहीत सोडवून निकाल तेच देणार, चौथा पुढच्या सामन्याची गणितं तयार करतो. तीन उरतात ती गुणलेखक, घड्याळवाला आणि शिट्टी. त्या दोन चांदण्यांवाल्याला पहिल्या दिवशी शिट्टी देऊ नका हां, त्याला चढाईलाच पाठवा, पण पहिला नको, तिसरा-चौथा.