मदत हवी आहे: लाँड्रीचं पाणी मोजायचं कसं? सोसायटीचा एकच मीटर, वर टँकर

कडक इस्त्री

नमस्कार मंडळी,

मुंबईत मरोळच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये तळमजल्यावर आमचा गाळा आहे. लाँड्री वडिलांनी, म्हणजे अण्णांनी सुरू केली, आता मी बघतो. घरगुती कपडे घेत नाही. हॉटेलांच्या चादरी, अभ्रे, टॉवेल, नॅपकिन असा रोजचा साडेसहाशे ते सातशे किलो माल असतो. साठ किलोची दोन मशीन, एक हायड्रो (कपडे गरगर फिरवून पिळणारं मशीन), दोन ड्रायर, एक कॅलेंडर (चादरींना इस्त्री करणारं गरम रोलरचं मशीन).

आमचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे एक हॉटेल कंपनी. तिच्या खरेदी विभागाकडून एक फॉर्म आलाय. गेल्या आर्थिक वर्षात किती पाणी वापरलं ते किलोलिटरमध्ये भरा, म्हणतात. तीन रकाने आहेत: विथड्रॉवल, कन्झम्प्शन, डिस्चार्ज. शिवाय पाणी कुठून घेतलं त्याची फोड, आणि 'प्रति किलो कपडा किती लिटर'. मुदत महिनाभराची. भरला नाही तर काय होईल ते लिहिलेलं नाही, पण कंत्राटाचं नूतनीकरण तोंडावर आहे, त्यामुळे समजून घ्यायचं ते मी घेतलंय.

अडचण अशी की आमच्याकडे मोजमापच नाही. महापालिकेचा मीटर सोसायटीच्या नावावर आहे आणि बिल चौदा गाळ्यांत सारखं वाटतात. सोसायटीची लाइन आमच्या मागच्या जमिनीखालच्या टाकीत पडते. पाणी कमी पडलं की टँकरही त्याच टाकीत रिकामा होतो. तिथून आमचा पंप पाणी वरच्या टाक्यांत चढवतो आणि वरून ते मशीनला जातं. गेल्या वर्षी १०४ टँकर घेतले, पावत्या आहेत. ड्रायव्हर दहा हजार लिटर म्हणतो, आपण मान डोलावतो.

अण्णांचं म्हणणं, "पंधरा हजार लिटर रोजचे लिही आणि मोकळा हो." तसं लिहिलं तर चालेल का? नाहीतर नीट मोजायला काय करावं लागेल?

---

हिशेबनीस

मी लेखापरीक्षणात आहे, असे फॉर्म रोज बघतो. ही भानगड सेबीमुळे, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामकामुळे आहे. बाजारमूल्यानुसार पहिल्या हजार सूचीबद्ध कंपन्यांना २०२२-२३ पासून बीआरएसआर नावाचा, व्यवसायाची जबाबदारी आणि पर्यावरण यांवरचा अहवाल देणं सक्तीचं आहे. त्यात पाण्याचा हिशेब असतो, म्हणून कंपन्या पुरवठादारांकडेही आकडे मागू लागल्यात.

आता तीन रकाने. विथड्रॉवल म्हणजे तुम्ही आत घेतलेलं सगळं पाणी, डिस्चार्ज म्हणजे गटारात गेलेलं. कन्झम्प्शन म्हणजे या दोन्हींतला फरक, जे पाणी परत बाहेर आलंच नाही ते. बहुतेक जण पहिल्या आणि दुसऱ्या रकान्यात तोच आकडा लिहितात, तसं करू नका. लाँड्रीत तुमचं पाणी 'संपतं' कुठे? ड्रायर आणि कॅलेंडरमध्ये वाफ होऊन. हायड्रोतून निघालेल्या सुती मालात त्याच्या सुक्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास पाणी उरतं असं धरलं, तर सातशे किलोला साडेतीनशे लिटर. बाकी जवळपास सगळं गटारात. पिळलेला टॉवेल आणि तोच सुका टॉवेल काट्यावर ठेवून बघा, तुमचा खरा आकडा पाच मिनिटांत मिळेल.

स्रोताच्या रकान्यात सोसायटीचं आणि टँकरचं, दोन्ही पाणी 'थर्ड पार्टी'खाली जातं. टँकरचं पाणी विहिरीचं असलं तरी उपसा तुमचा नाही.

आणि अण्णांना सांगा, गोल आकडा बघितला की आमच्यासारख्यांना पहिला संशय येतो.

---

वॉशर बदला

पाण्याच्या लाइनचं काम गेली पंचवीस वर्षं करतोय. साहेब, तुमचं एका मीटरमध्ये भागतं. नळावर बसवू नका, टँकरवर तर नकोच. वरच्या टाकीतून मशीनला जाणाऱ्या लाइनवर बसवा. सगळं पाणी तिथूनच जातं ना?

सोसायटीच्या लाइनवर बसवला तर पाणी यायच्या आधी पाइपमधली हवा सुटते आणि मीटर हवेवर फिरतो. मुंबईत पाणी ठरावीक वेळेलाच येतं, त्यामुळे हा त्रास रोजचा.

नागदेवीच्या हार्डवेअर बाजारात जा, आयएस ७७९ (पाण्याच्या मीटरचं भारतीय मानक) चा मार्क बघून घ्या. लाइन एक इंची असेल तर २५ मिलिमीटरचा, अर्धा इंची घेऊ नका, वरच्या टाकीचं प्रेशर आधीच कमी असतं. मीटर आडवा बसवायचा, बाण पाण्याच्या दिशेने, आधी जाळी. काळे आकडे म्हणजे युनिट, एक युनिट म्हणजे हजार लिटर. लाल आकडे आणि लाल काटे त्याखालचे लिटर. नवीन माणूस लालसकट वाचतो आणि मग घाबरतो.

टँकरसाठी बांबू पुरे. टाकीची आतली लांबी-रुंदी किती?

---

कडक इस्त्री

तीन मीटर बाय दोन मीटर. खोली अडीच मीटर.

---

वॉशर बदला

मग एक सेंटिमीटर पाणी म्हणजे साठ लिटर. दहा हजाराच्या टँकरने पातळी १६७ सेंटिमीटरच्या आसपास चढायला पाहिजे. बांबूवर खुणा करा, आधी आणि नंतर बुडवून बघा.

---

कडक इस्त्री

मीटर बसवला. टँकरही मोजला आणि तोंडघशी पडलो. पातळी १४८ सेंटिमीटरच चढली, म्हणजे ८,८८० लिटर. मी ड्रायव्हरला चार माणसांत सुनावलं. त्याने शांतपणे विचारलं, "शेठ, पंप चालू होता ना?" होता. अर्धा तास पाणी एकीकडून येत होतं आणि दुसरीकडून वर चढत होतं. दुसऱ्या दिवशी पंप आणि सोसायटीची लाइन दोन्ही बंद करून मोजलं तेव्हा १६५ भरलं. चहा पाजून माफी मागितली. एप्रिल २०२५ मध्ये केंद्रीय भूजल प्राधिकरणाच्या नियमांवरून टँकरवाल्यांचा संप झाला, त्यानंतर याच माणसाने आम्हाला पहिली गाडी दिली होती, म्हणून जास्तच वाईट वाटलं.

नऊ दिवसांचा हिशेब: ६,०५० किलो माल, मीटरवर १५७.३ युनिट. म्हणजे किलोला २६ लिटर. हे जास्त आहे का?

---

लिननवाली

हॉटेलच्या हाउसकीपिंगमध्ये आयुष्य गेलं माझं. दादा, साठ किलोच्या मशीनमध्ये तुम्ही खरोखर किती माल टाकता? काट्यावर करून सांगा. आमच्याकडची पोरं पस्तीस-चाळीस टाकायची आणि 'फुल लोड' म्हणायची. मशीनला त्याचं सोयरसुतक नसतं, ते पाण्याची पातळी ठरल्याप्रमाणेच भरतं.

दुसरं, ड्रेन व्हॉल्व्ह. त्याच्या रबरात नॅपकिनचे धागे, शर्टाचं बटण, टूथपिक काहीही अडकतं. मग धुलाई चालू असताना पाणी खालून हळूहळू सुटत राहतं आणि पातळी कमी झाली की मशीन वरून आपोआप भरून घेतं. बाहेरून काही दिसत नाही. साबण मात्र जास्त लागतो. तुमचा साबण वाढलाय का?

---

कडक इस्त्री

ताई, साबण वाढलाय! सहा महिने मी पुरवठादाराशी भांडतोय की माल पातळ देतो.

---

वॉशर बदला

पाणी भरून मशीन थांबवा, दहा मिनिटं पातळीची काच बघा. खाली आली तर व्हॉल्व्ह गेला.

---

कडक इस्त्री

उशिराबद्दल क्षमस्व.

दोन नंबरच्या मशीनची पातळी दहा मिनिटांत बोटभर खाली आली. व्हॉल्व्ह उघडला तर आत सुतळीसारखा धाग्यांचा पीळ. रबर बदललं. पोरांनी लोडही आता काट्यावर करायला सुरुवात केलीय, पहिले दोन दिवस तोंडं वाकडी होती. पुढचे सहा दिवस: ४,१८० किलो, ८७.८ युनिट. किलोला २१ लिटर. म्हणजे तीन दिवसांत जवळपास एक टँकर वाचतोय.

टॉवेलही तोलला, ओलावा सुक्या वजनाच्या निम्म्याला थोडा कमी निघाला. चादरीचा त्याहून कमी.

आता गेल्या वर्षाचं. चलनांवरून माल २ लाख १० हजार किलो. त्याला २६ ने गुणायचं की २१ ने?

---

हिशेबनीस

गेल्या वर्षी मशीन जसं चालत होतं तसं, म्हणजे २६ ने. ५,४६० किलोलिटर. 'नऊ दिवसांच्या मीटर नोंदीवरून अंदाज' हे शेऱ्यात स्पष्ट लिहा. व्हॉल्व्ह वर्षभर गळत नव्हता अशी शंका असेल तर तीही लिहा. २१ पुढच्या वर्षी दाखवा, ते तुमच्याच फायद्याचं आहे. आता टँकर वजा करून सोसायटीच्या बिलाशी ताळा करा.

---

कडक इस्त्री

तोच तर घोळ झालाय. १०४ टँकरचे १,०४० युनिट वजा केले तर सोसायटीच्या लाइनमधून ४,४२० युनिट आले. वर्षभरात सोसायटीच्या मुख्य मीटरवर सगळ्यांचे मिळून ९,८०० युनिट आहेत आणि चौदात वाटून आमच्या नावावर पडले ७००. २१ चा दर धरला तरी आमचे ३,३७० होतात.

म्हणजे शेजारचा ब्लॉक छापणारा, वरचा स्क्रू-बोल्टवाला, कोपऱ्यातले कुरिअरवाले, सगळे इतकी वर्षं आमच्या चादरी धुण्याचे पैसे भरतायत. अण्णांना आकडा दाखवला. ते बराच वेळ बोलले नाहीत, मग म्हणाले, "फॉर्म हॉटेलला जाणार ना? सोसायटीला कुठे जाणार?"

---

लिननवाली

कंपनीने हा अहवाल छापला तरी त्यात तुमचा गाळा कुणी शोधणार नाही. पण जून २०२४ च्या दहा टक्के कपातीसारखी कपात परत आली की सोसायटीत पाण्यावरून भांडणं होतील. तेव्हा कुणीतरी मीटर बघायला येईलच. आधी तुम्ही सांगितलेलं बरं, दादा.

---

कडक इस्त्री

फॉर्म गेला. विथड्रॉवल ५,४६०, कन्झम्प्शन ९५, डिस्चार्ज ५,३६५, शेऱ्यात पद्धत लिहिली.

सेक्रेटरींशीही बोललो. ते म्हणाले, प्रत्येक गाळ्याला सबमीटर बसवायचा विषय सभेत मांडा. मागची बाकी काढू नका एवढी विनंती मी करणार आहे. अण्णा सभेला येणार नाहीत.

ज्यांच्या इस्टेटमध्ये सबमीटर आहेत त्यांना विचारायचंय: मुख्य मीटर आणि सबमीटरच्या बेरजेत फरक येतोच ना, गळती, जिना धुणं, संडास वगैरे? तो कसा वाटता? सारखा, की वापराच्या प्रमाणात? प्रमाणात वाटला तर त्यातही सर्वात मोठा वाटा आमचाच येणार, म्हणून सभेआधी माहीत असलेलं बरं.