ओरिजिन ट्रायलची मुदत एक्स्टेंडेड स्टेबल वापरणाऱ्यांसाठी वाढवून कशी मागावी?

नमस्कार,

क्रोमच्या एका ओरिजिन ट्रायलमध्ये, म्हणजे नवी सुविधा नोंदणी केलेल्या साइटवर ठरावीक मुदतीपुरती चालवून पाहण्याच्या चाचणीत, आमची साइट नोंदवलेली आहे. चाचणीतील सुविधा लवकरच सर्वांसाठी कायमची सुरू होणार असल्याचे जाहीर झाले आहे, आणि आमची अडचण नेमकी त्या टप्प्यावर येते. ब्लिंकच्या (क्रोममागील इंजिनच्या) प्रक्रियेशी ज्यांचा जवळून संबंध आला आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

क्रोम २०२१ मध्ये ९४व्या आवृत्तीपासून दर चार आठवड्यांनी नवी आवृत्ती देण्याच्या चक्रावर आले, त्याच वेळी संस्थांमधील अ‍ॅडमिनसाठी दर आठ आठवड्यांनी नवी आवृत्ती देणारे एक्स्टेंडेड स्टेबल चॅनलही सुरू झाले. या चॅनलवर फक्त सम क्रमांकाच्या आवृत्त्या येतात. मधल्या काळात सुरक्षेच्या महत्त्वाच्या दुरुस्त्या जुन्या आवृत्तीतच आणून दिल्या जातात, त्यामुळे हे चॅनल निवडणाऱ्या अ‍ॅडमिनला निष्काळजी म्हणता येणार नाही. आमचे बरेचसे वापरकर्ते अशाच संस्थांमधले आहेत, आणि ब्राउझर केव्हा अद्ययावत करायचा हे त्यांच्या स्वतःच्या हाती नसते.

समजा, ट्रायल १३४व्या आवृत्तीपर्यंत आहे आणि सुविधा १३५मध्ये सर्वांना मिळणार आहे. १३५ सर्वांसाठी प्रसिद्ध झाल्यावर थोड्याच दिवसांत टोकनची (ट्रायलसाठी साइटला मिळणाऱ्या परवाना-संकेताची) मुदत संपली, तर नेहमीच्या चॅनलवरील बहुतेकांना फरक जाणवणार नाही. पण एक्स्टेंडेड स्टेबलवरील माणूस १३६ येईपर्यंत १३४वरच राहतो. सुविधेचा कोड त्याच्या ब्राउझरमध्ये असतो, काल-परवापर्यंत ती चालतही होती, तरीही टोकन कालबाह्य झाल्यामुळे ती बंद पडते आणि सुमारे चार आठवड्यांनी पुन्हा सुरू होते. सुविधा सम क्रमांकाच्या आवृत्तीत आली असती, तर हा प्रश्न जवळपास उद्भवलाच नसता. नवी आवृत्ती टप्प्याटप्प्याने पोहोचत असल्याने नेहमीच्या चॅनलवरील काही जणही थोडे मागे असतात, पण ते अंतर फार काळ टिकत नाही.

टोकनमध्ये साइटचे ओरिजिन (म्हणजे तिचा पत्ता), सुविधेचे नाव आणि मुदतीची तारीख असते व त्यावर स्वाक्षरी असते, त्यामुळे साइटच्या बाजूने तारीख बदलण्याचा प्रश्नच येत नाही. मात्र याच रचनेमुळे, मुदतवाढ मंजूर झाली तर नवे टोकन हेडरमध्ये किंवा मेटा टॅगमध्ये दिले की १३४मध्येही काम व्हायला हवे. जुन्या ब्राउझरमध्ये काहीही बदलावे लागू नये, असे मला वाटते. ही समजूत बरोबर आहे का?

चाचणीतील सुविधा मागच्या दाराने कायमची होऊ नये म्हणून मुदत आणि वापराची मर्यादा, म्हणजे क्रोममधील एकूण पेज लोडच्या ०.५ टक्के, घातलेली असते, आणि ती मला पूर्णपणे मान्य आहे. परंतु सुविधा सर्वांना देण्याचा निर्णय झाल्यानंतर तो धोका फारसा उरत नाही. अशा वेळी ट्रायलची अखेर सर्वांत संथ अधिकृत चॅनलला नवी आवृत्ती मिळेपर्यंत लांबवणे मला न्याय्य वाटते.

मुदतवाढीची विनंती सुविधा तयार करणारा चमू ब्लिंक-डेव्ह या ईमेल-यादीवर करतो आणि ब्लिंकमधील अशा निर्णयांचे अधिकारी, म्हणजे एपीआय ओनर्स, तिला मंजुरी देतात, हे मला माहीत आहे. आमच्यासारख्या साइटने त्या चमूपर्यंत हे म्हणणे कोणत्या मार्गाने पोहोचवावे: सुविधेच्या बगवर (तिच्या कामाच्या सार्वजनिक नोंदीवर) लिहून, की थेट त्या यादीवर? विनंती किती आधी करावी, म्हणजे जुने टोकन संपण्यापूर्वी नवे हाती येईल?

पुराव्याचा प्रश्न मला अधिक अवघड वाटतो. युजर एजंटमध्ये (ब्राउझर साइटला स्वतःची ओळख म्हणून पाठवतो त्या मजकुरात) मुख्य आवृत्तीचा क्रमांक अजूनही मिळतो, त्यामुळे १३५ सर्वत्र पोहोचल्यानंतरही १३४वर किती जण आहेत हे आम्ही मोजू शकतो. परंतु त्यांतले एक्स्टेंडेड स्टेबलवरचे किती आणि ज्यांचे अपडेट काही कारणाने अडकले आहे असे किती, हे त्या क्रमांकावरून कळत नाही. मागच्या काही सम-विषम आवृत्त्यांच्या आलेखात आठ आठवड्यांची लय दाखवली, तर तो पुरेसा आधार मानला जाईल का, की आणखी काही मोजण्याची पद्धत आहे?

मुदतवाढ मिळाली नाही, तर सुविधा उपलब्ध आहे की नाही हे तपासून जुन्या पद्धतीकडे वळणारा कोड आमच्याकडे तयार आहे, त्यामुळे पान मोडणार नाही. मात्र त्या वापरकर्त्यांचे काम बरेच संथ होईल. ज्यांनी असा मधला काळ हाताळला आहे, त्यांनी विनंतीत नेमके काय मांडले होते आणि किती मुदत मागितली होती, हे कृपया लिहावे.