सदाशिव पेठेत पेरूगेटजवळ २ बीएचके रीसेल – घ्यावा का?

निखिल_नऱ्हे

नमस्कार मंडळी. पेरूगेट चौकीपासून चालत चार-पाच मिनिटांवर, आतल्या गल्लीत एक २ बीएचके रीसेलला आहे. पूर्वी तिथे वाडा होता, तो पाडून २०१९ मध्ये बिल्डिंग झाली. खाली पार्किंग, वर पाच मजले, हा फ्लॅट चौथ्यावर. कार्पेट ६९० चौरस फूट, हॉलला छोटी बाल्कनी, लिफ्ट, लिफ्टला बॅकअप, गच्चीत सोलर. किचन ट्रॉल्यांसकट तयार आहे, फरश्या आणि नळ नव्यासारखे. मागणी १ कोटी ३५ लाख.

सध्या आम्ही नऱ्ह्यात भाड्याने राहतो. बायको टिळक रोडवरच्या एका शाळेत शिकवते, माझं ऑफिस पिंपरीला. रोज सकाळी नवले पुलावर अडकून आम्ही दोघंही कंटाळलो आहोत. मंडईपर्यंत भुयारी मेट्रो २०२४ च्या सप्टेंबरात सुरू झाली, तेव्हापासून ‘पेठेत राहायला गेलो तर’ हा विषय घरात रोज निघतो. मी मंडईहून थेट पिंपरी गाठीन, बायको चालत शाळेत जाईल. आईला तर हे घर मनापासून हवं आहे. गुडघे दुखतात, पण भरत नाट्य मंदिरात नाटकाचा प्रयोग असला की तिला कुणाच्या गाडीची वाट बघावी लागू नये एवढंच तिचं म्हणणं.

आता शंका. याच पैशात धायरीला मोठा ३ बीएचके येतो. इथे रविवारी दुपारी गेलो तेव्हा गल्ली शांत होती, मधल्या वारी संध्याकाळी गेलो तर दुचाकी लावायला जागा नाही. पार्किंग म्हणजे स्टॅकमधली (एकावर एक गाड्या ठेवायच्या यांत्रिक पार्किंगमधली) वरची जागा. बिल्डिंग सोसायटी नाही, ‘अपार्टमेंट’ आहे. एजंट म्हणतो तेच चांगलं, पण का ते सांगत नाही. मालक-मालकीण तीन वर्षं अमेरिकेत मुलाकडे आहेत, व्यवहार पुतण्या बघतोय.

पेठेत राहणाऱ्यांनी कृपया मोकळेपणाने सांगा.

कर्वेनगरी

रविवारी दुपारी पेठ बघून काही कळत नाही. चाळीस वर्षांपूर्वीही ती दुपारी झोपलेलीच असायची. रात्री साडेआठ-नऊला जा आणि अर्धा तास नुसतं उभं राहा. आम्ही नारायण पेठेतून कर्वेनगरला आलो ते गाडीच्या जागेपायी, दुसरं काही कारण नव्हतं.

खजिना_विहीर

निखिल, मी सदाशिव पेठेत जन्मले. आमच्या वाड्यात भाड्याच्या दोन खोल्या होत्या. वाडा पाडला, बिल्डिंग झाली, आणि आता त्याच जागेवर तिसऱ्या मजल्यावर राहते. मुलाने बाणेरला बोलावलं होतं, गेले नाही. तेव्हा माझं मत आधीच सांगून टाकते : जरूर घ्या. पण फ्लॅट आतून बघण्यात जेवढा वेळ घालवलात त्याच्या दुप्पट वेळ गल्लीत आणि गच्चीवर घालवा.

गच्चीवर कशासाठी, तर शेजारी काय उभं आहे ते बघायला. तुमची बेडरूम कुठल्या बाजूला उघडते? तिथे अजून एखादा एकमजली वाडा असेल तर आज भरपूर उजेड आणि वारा मिळेल, एजंटही तेच दाखवील. पण तो वाडा आज ना उद्या पडणार. जुन्या दाट वस्तीत दोन इमारतींमध्ये अंतर किती कमी असतं ते तुम्ही पाहिलंच असेल. आमच्या स्वयंपाकघरातून पूर्वी शेजारच्या वाड्यातलं पारिजातकाचं झाड दिसायचं. आता समोर बाथरूमचे पाइप आहेत आणि ओट्यावर सकाळी दहालाही ट्यूब लावावी लागते. त्या वाड्याचे मालक-भाडेकरू यांचं काय चाललंय, बिल्डर येऊन गेलाय का, हे खालच्या किराणावाल्याला विचारा. एजंटपेक्षा त्याला जास्त माहिती असते.

आवाजाचं म्हणाल तर आहे, नाही म्हणणार नाही. पहाटेच अभ्यासिकेत जागा धरायला जाणारी मुलं, सातला शाळेच्या रिक्षा आणि व्हॅन, मग पार्सलवाले, संध्याकाळी चहाच्या टपऱ्यांवर एमपीएससीवाल्यांची गर्दी, रात्री मेस सुटली की पुन्हा तेच. लोक या मुलांच्या नावाने बोटं मोडतात, ते मला अजिबात पटत नाही. लातूर, बीड, नांदेड, सोलापूरकडची पोरं, कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतल्या एका खाटेपुरतं भाडं देऊन राहून वर्षानुवर्षं अभ्यास करतात. माझे यजमान रात्री छातीत दुखून बसले तेव्हा नेमकी वीज गेली होती. समोरच्या अभ्यासिकेतल्या दोन मुलांनी त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून तीन जिने खाली आणलं आणि रिक्षातही त्यांच्या शेजारी बसून आली. असला शेजार पैसे देऊन मिळत नाही.

त्यावरून आठवलं. ‘लिफ्टला बॅकअप’ म्हणजे नक्की काय ते विचारा. पुष्कळ बिल्डिंगमध्ये वीज गेली की लिफ्ट जवळच्या मजल्यावर येऊन दार उघडते, बस, तेवढाच बॅकअप असतो. लिफ्ट पुढे चालत राहायला जनरेटर किंवा मोठी बॅटरी लागते. आईचे गुडघे दुखतात म्हणता आणि घर चौथ्यावर आहे, तर मेन स्विच पाडून दाखवा म्हणावं. लिफ्टमध्ये व्हीलचेअर वळते का तेही बघा.

गणपतीत दहा दिवस गाडी बाहेर काढायची नाही असं धरूनच चाला. विसर्जनाला मानाचे पाच गणपती लक्ष्मी रोडने जातात, बाकीची मंडळं लक्ष्मी, टिळक, कुमठेकर आणि केळकर रोडने, आणि मिरवणूक दुसऱ्या दिवशी दुपार उलटली तरी चालूच असते. स्पीकर रात्री दहाला बंद व्हायला हवेत. सरकार वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं. कागदावर असं आहे. प्रत्यक्षात छातीत धडधडतं, आणि हृदयाचा त्रास असलेल्या माणसांचे त्या रात्री फार हाल होतात. मी दर वर्षी मंडळांच्या कार्यकर्त्यांशी यावरून भांडते आणि पुढेही भांडणार. आईंना हृदयाचा त्रास असेल तर ते दोन दिवस त्यांची सोय दुसरीकडे करा.

पार्किंग नीट समजून घ्या. स्टॅकमध्ये वर असलेली गाडी खालची हलल्याशिवाय उतरत नाही. खालची गाडी कोणाची, ते किती वाजता निघतात, किल्ली वॉचमनकडे ठेवतात का, आणि वॉचमन आहे का, हे सगळं विचारा. उंच गाडी बऱ्याच स्टॅकमध्ये बसतच नाही, तेव्हा स्वतःची गाडी नेऊन वर चढवून बघा. खड्ड्यात उतरणारा स्टॅक असेल तर पावसाळ्यात तिथे पाणी साचतं का आणि पंप कोण चालवतं, तेही.

दस्त_आणि_दाखले

खजिना विहीर ताईंनी राहण्याचं सगळं सांगितलं, मी कागदांचं सांगतो. नोंदणीची कामं बरीच वर्षं करतो आहे.

अपार्टमेंट चांगलं की सोसायटी, यापेक्षा कागद कुठले बघायचे हे महत्त्वाचं. सोसायटीत जमीन आणि इमारत संस्थेच्या नावे होते, सभासदाकडे शेअर सर्टिफिकेट असतं. अपार्टमेंटमध्ये १९७० च्या अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखाली बिल्डिंगचं घोषणापत्र नोंदवतात, मग प्रत्येक फ्लॅटचं डीड ऑफ अपार्टमेंट होतं. त्यात फ्लॅट तुमचा आणि जमिनीत तुमचा अविभक्त हिस्सा, टक्क्यांत लिहिलेला. मेंटेनन्सही त्याच टक्क्याने येतो, सोसायटीत सेवाशुल्क सगळ्यांना सारखं असतं. पुण्यात हमखास सापडणारी गोष्ट म्हणजे बिल्डरबरोबरचा करारनामा झालेला असतो, पण डीड राहून गेलेलं असतं. विकणाऱ्यांचं डीड नोंदलेलं आहे का, हा पहिला प्रश्न. पार्किंग घोषणापत्रात त्या फ्लॅटसाठी राखीव दाखवलंय का, हा दुसरा. ‘फ्लॅटसोबतच आहे’ या तोंडी आश्वासनाला अर्थ नाही.

जागा वाड्याची होती, म्हणजे वारस बरेच असणार. मिळकतपत्रिका (जागेच्या मालकीचा सरकारी उतारा) काढा, वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च (जुन्या नोंदींची तपासणी) घ्या, पेपरात जाहीर नोटीस द्या. भोगवटा पत्र (राहायला वापरायची महापालिकेची परवानगी) पूर्ण बिल्डिंगचं आहे का तेही पाहा. आणि २०१९ ला ताबा म्हणजे बांधकामातल्या दोषांसाठी बिल्डरवर असलेली रेरा कायद्याची पाच वर्षांची जबाबदारी संपली. गळती दिसली तर खर्च तुमचाच, त्यामुळे पावसात एकदा बघून या.

सगळ्यात महत्त्वाचं. मालक तीन वर्षं अमेरिकेत आहेत, म्हणजे आयकराच्या दृष्टीने बहुतेक अनिवासी. भारतात राहणाऱ्याकडून ५० लाख किंवा त्यावरची मिळकत घेताना विक्रेत्याच्या पैशातून १ टक्का टीडीएस (आयकर) कापून सरकारकडे भरतात. अनिवासी विक्रेत्याला तो १ टक्का चालत नाही, कपात बरीच जास्त असते, आणि कमी कापलीत तर आयकर खातं तुम्हाला धरतं. त्यांना कमी कपातीचं प्रमाणपत्र मिळू शकतं, पण त्याला वेळ लागतो. टोकन (आगाऊ रक्कम) देण्याआधीच हे पुतण्याला सांगा आणि चांगला सीए गाठा. पुतण्याचं कुलमुखत्यारपत्र अमेरिकेत केलेलं असेल तर ते भारतात आल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांकित झालेलं हवं, आणि त्यात विक्रीचा अधिकार स्पष्ट लिहिलेला हवा.

खर्च : पुणे शहरात मुद्रांक शुल्क सगळे अधिभार धरून ७ टक्के, म्हणजे १ कोटी ३५ लाखांवर ९ लाख ४५ हजार. खरेदी फक्त महिलेच्या नावावर केली तर १ टक्का कमी, १ लाख ३५ हजार वाचतात. पती-पत्नी दोघांची नावं घातली की ही सवलत जाते. नोंदणी फी ३० हजार. राहायला गेल्यावर मिळकतकरात स्वतः राहत असल्याची ४० टक्के सवलत घ्यायला पीटी-३ अर्ज भरा. नवीन मालक हे हमखास विसरतात.

निखिल_नऱ्हे

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री आईला घेऊनच गेलो. तिला गर्दीचं काहीच वाटलं नाही, उलट येताना ती चितळ्यांकडे थांबली आणि घरी येईपर्यंत बोलत होती. बेडरूमच्या बाजूला खरंच एक जुना वाडा आहे. किराणावाले म्हणाले, भाडेकरूंशी बोलणी चालू आहेत. हॉल आणि बाल्कनी मात्र रस्त्याच्या अंगाला आहे. पुतण्याला टीडीएसचं विचारलं तर तो म्हणाला, एक टक्काच असतो. डीड झालंय असं म्हणतो, पण दाखवलं नाही.

बायकोच्या एकटीच्या नावावर घ्यायचं जवळपास ठरलंय, कर्जाचं बँकेला विचारतो. किंमत किती खाली आणता येईल?

खजिना_विहीर

डीड हातात पडेपर्यंत किमतीचं बोलूच नका. टोकनही नाही, पुतण्या कितीही घाई करू दे.

मग वाड्याचा मुद्दा काढा. बेडरूमचा उजेड जाणार हे त्यांनाही ठाऊक आहे, आणि कदाचित म्हणूनच आत्ता विकतायत. तुमच्या जागी मी असते तर १ कोटी २५ पासून बोलणी सुरू केली असती. हॉल रस्त्याच्या बाजूला आहे ही जमेची गोष्ट, तो उजेड जाणार नाही. आईंची खोली त्या बाजूला काढता येते का ते बघा, दिवसभर घरात त्याच असणार.

आणि गाडी चढवून बघायला सकाळी सातच्या आत या. नंतर शाळेच्या व्हॅन लागल्या की त्या गल्लीत गाडी वळवता येत नाही.