मदत हवी आहे : स्लॅगमधील धातुरूप लोह अचूक कसे मोजावे?

सप्रेम नमस्कार. जालन्यातील एका पोलाद कारखान्यात मी इंडक्शन भट्टीच्या स्लॅगमधील, म्हणजे वितळलेल्या धातूवर साचणाऱ्या मळीतील, धातुरूप (ऑक्साइड न झालेले) लोह मोजतो. पुन्हा भट्टीत घालण्याजोगे किती उरले, हे त्यावरूनच ठरते. नमुना फेरिक क्लोराइडच्या द्रावणात ढवळून, गाळून डायक्रोमेटने अनुमापन (टायट्रेशन) करतो आणि लोहाच्या एका अणूमागे 3 फेरस आयन (Fe²⁺) तयार होत असल्याने उत्तराला 3 ने भागतो. मात्र हे द्रावण आम्लधर्मी असल्यामुळे फेरस ऑक्साइडही थोडे विरघळून आकडा फुगतो, अशी मला दाट शंका आहे. त्याहून मोठी अडचण म्हणजे दळताना लोहाचे कण चपटे होऊन चाळणीवरच राहतात, आणि ते टाकून देणे मला मुळीच पटत नाही. तो भाग वेगळा तोलून हिशेबात धरावा का? ब्रोमीन-मिथेनॉल पद्धतीने (ब्रोमीन मिसळलेल्या मिथेनॉलमध्ये लोह विरघळवून) ऑक्साइडचा अडथळा टळतो का? अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.