मदत हवी आहे: मॉन्टेल्युकास्टच्या शिल्ड प्लॉटचा उतार १.५ च्या खाली येत नाही

मॉन्टेल्युकास्ट हे दम्याचं औषध ल्युकोट्राइनचा परिणाम अडवतं. शिल्ड प्लॉट म्हणजे अशा औषधाची मात्रा वाढवल्यावर वक्र किती सरकतो याचा आलेख; साध्या स्पर्धेत उतार १ यायला हवा.

गिनिपिगच्या श्वासनलिकेच्या रिंगा, क्रेब्स द्रावण, ३७ अंश, ९५ टक्के ऑक्सिजन नि ५ टक्के कार्बन डायऑक्साइड. ॲगोनिस्ट (आकुंचन घडवणारा पदार्थ) ल्युकोट्राइन डी४. मॉन्टेल्युकास्ट ३, १० आणि ३० नॅनोमोलर, ३० मिनिटं आधी.

३० ला डी४ चा मात्रा-आकुंचन वक्र छान उजवीकडे सरकतो, १० ला कमी, ३ ला जवळजवळ जागचा हलत नाही. कमाल आकुंचन मात्र तिन्हींत शाबूत.

हे करून झालंय: ऊतीतली प्रोस्टाग्लँडिन्स थांबवायला इंडोमेथॅसिन ३ मायक्रोमोलर; डी४ चं ई४ होऊ नये म्हणून एल-सिस्टीन ५ मिलिमोलर; टॅकिफायलॅक्सिसमुळे (पुन्हा दिल्यावर प्रतिसाद घटतो) एका रिंगेवर एकच वक्र. औषधाचा स्टॉक डीएमएसओ या विद्रावकात, गडद कुपीत, कारण उजेडात त्याचा सिस समघटक (वेगळ्या रचनेचा रेणू) होतो. नुसत्या ०.१ टक्का डीएमएसओने फरक नाही. पातळ द्रावणं मात्र साध्या प्लॅस्टिकच्या नळ्यांत केली होती, तिथेच पाणी मुरतंय असं वाटतं: औषध प्लॅस्टिकला चिकटून कमी होत असावं.

ते चिकटणं टाळायला बाथमध्ये अल्ब्युमिन (प्रथिन) घालता येणार नाही, औषध त्यालाच चिकटतं. रिंगाही मोजक्याच आहेत, एकच प्रयोग परवडेल.

मग आधी काय तपासू: इन्क्युबेशन (औषधाला आधी दिलेला वेळ) ३० ऐवजी ९० मिनिटांचं, की सिलिकॉन लावलेल्या काचेतली द्रावणं? आणि एकाच प्रयोगात दोन्ही कारणं वेगळी कशी ओळखायची?