शिकायचा वेळ वेगळा, टिकवायचा वेगळा

तीन-चार परदेशी भाषा एकदम चालू ठेवायला वेळ कुठून आणता असं विचारलंत, तर माझ्या मते शिकणं आणि टिकवणं ह्यांची आधी फारकत करा. नवीन भाषा एका वेळी एकच. अमेरिकेचं परराष्ट्र खातं आपल्या लोकांना भाषा शिकवतं, त्यांच्या हिशोबाने इंग्रजीवाल्याला स्पॅनिशला वर्गातले ६०० ते ७५० तास आणि जपानीला २२०० लागतात, मग दोन्ही एकदम धरल्या की धड ना ही धड ना ती. आणि स्पॅनिश-इटालियन जोडीने तर नकोच, 'खूप' म्हणायला इटालियन 'मोल्तो'च्या जागी हमखास स्पॅनिश 'मुचो' निघतं तोंडातून.

टिकवायला मात्र एवढं काही लागत नाही. बी२ पर्यंत, म्हणजे बऱ्यापैकी सहज बोलता-वाचता येण्याच्या पातळीपर्यंत, पोचलेली भाषा सहसा पुसली जात नाही, नुसती गंजते. मी फ्रेंचला वेगळा वेळ देतच नाही, भांडी घासताना रेडिओ लावून ठेवतो, आणि फोन सरळ जर्मनमधे करून टाकलाय, पहिले काही दिवस साधा अलार्म बंद करताना घाम फुटायचा पण 'श्पायशर्न' म्हणजे सेव्ह हे आता झोपेतही कळतं :)

अँकी (शब्दांची कार्डं ठरावीक दिवसांनी पुन्हा पुन्हा विचारणारं अ‍ॅप) वापरत असाल तर कामाच्या गर्दीत रोजची नवीन कार्डं शून्यावर आणा, फक्त जुनी फिरवा. नाहीतर रिव्ह्यूचा ढीग साचतो आणि लोक अ‍ॅपच उघडायचं सोडतात. बोलण्याचा सराव ह्यातल्या कशानेच होत नाही हं, त्याला समोर माणूसच लागतो, आठवड्यात एखादा कॉल आलटून पालटून भाषेत ठरवून टाकायचा.