ॲव्हरेज ६२ चा ४८ झाला, काय करू?

कपाशीवाला: पोळ्यापासून गाडीचा ॲव्हरेज पडला. प्लग बदलला, फरक नाही. रोज दूध घेऊन आर्णीले जातो, परवडून नाही रायलं. बिनइथेनॉलचं पेट्रोल कुठं मिळते? लवकर सांगा.

वर्धेकर: पेट्रोलात मिसळतात ते इथेनॉलच भाऊ. माझीही पडली.

गॅरेजवाला: गाडी कोणती, कोणत्या सालची? जुना प्लग कोणत्या रंगाचा निघाला?

कपाशीवाला: १०० सीसी, २०१४ ची, कार्बोरेटरवाली. प्लग पांढराफट्ट.

संत्रावाला: ९७ च्या वरचं महागडं ऑक्टेन टाका. माझी बुलेट पळते.

गॅरेजवाला: नका टाकू. ऑक्टेन जास्त म्हणजे ताकद जास्त नव्हे. दाबाखाली पेट्रोल अवेळी पेटत नाही, एवढंच. १०० सीसीत तेवढा दाबच नसतो. आता हिशेब बघा. लिटरभर पेट्रोलात साधारण ३२ मेगाज्यूल, इथेनॉलात २१. पेट्रोलात २० टक्के इथेनॉल मिसळलं की ६-७ टक्के ऊर्जा कमी. तुमची घट २२-२३ टक्के! इथेनॉलात स्वतःचा ऑक्सिजन असतो. सेन्सर असलेली इंजेक्शनवाली गाडी पेट्रोल आपोआप वाढवून घेते, हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या साध्या कार्बोरेटरला ते कळत नाही. मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवा जास्त अन् पेट्रोल कमी, म्हणून प्लग पांढरा. तरी एवढी घट त्यानंही होत नाही.

वर्धेकर: मग माझी काऊन पडली?

शिवारातला: माझ्या पंपाच्या इंजिनात डिझेलसोबत थोडं रॉकेल टाकतो, मस्त चालते.

गॅरेजवाला: दादा, रॉकेलनं इंजिनातल्या डिझेल-पंपाचं वंगण जातं, डिझेल फवारणारं नोझल खराब होतं. बंद करा. कपाशीवाले, पेट्रोल कुठून घेता?

कपाशीवाला: गावातल्या दुकानातून, बाटलीत. पेट्रोल पंप १४ किलोमीटर दूर. अन् सकाळी गाडी झटके मारते, ते सांगायचं राहिलं.

गॅरेजवाला: हेच आधी सांगायचं होतं! इथेनॉल पाणी ओढतं. पावसाळ्यात बाटलीत पाणी शिरलं की इथेनॉल पाण्यासोबत तळाला बसतं. कार्बोरेटरचा ड्रेन स्क्रू सैल करून काचेच्या ग्लासात काढा. चुलीपासून दूर.

कपाशीवाला: काढलं. तळाशी बोटभर वेगळा थर, हलवला तरी मिसळत नाही.

गॅरेजवाला: टाकी रिकामी करा, टाकीच्या कॉकची जाळी अन् कार्बोरेटरचा जेट (पेट्रोल येतं ते बारीक छिद्र) धुवा. पंपावरून टाकी फुल करा, २०० किलोमीटर चालवा, पुन्हा फुल करा. किती लिटर बसलं ते इथं टाका.

कपाशीवाला: दुधाच्या फेरीनंतर आजच करतो. दुकानदारालेही थर दाखवतो, त्याच्या पिंपात किती असन!